रविवारच्या काचेवरचा मिमोझा

माझ्या गुडघ्याने दगा दिला आणि माझा सोमवार जिनेव्राला मिळाला. कागदावर तसं लिहिलेलं नाही. कागदावर एवढंच आहे की मोन्ते कूपोच्या राखीव जंगलातला सापळा दर सोमवारी दोघांनी मिळून उघडायचा, एक वनरक्षक आणि एक प्रयोगशाळेतलं माणूस. वनरक्षक म्हणजे माझा नवरा दुईलियो. प्रयोगशाळेतलं माणूस म्हणजे इतकी वर्षं मी. आणि गेल्या हिवाळ्यापासून विद्यापीठातून आलेली ही पोरगी, जिला गुडघा नावाचा अवयव असतो हे अजून ठाऊक नाही.

सापळा म्हटलं की लोकांना कोल्हे आठवतात. आमचा सापळा हवेतले परागकण धरतो. एका खांबावर पत्र्याचं डोकं, डोक्याला मागे शेपूट, त्यामुळे तोंड कायम वाऱ्याकडे. तोंडाला बारीक फट, आत हवा ओढणारा पंप, आणि फटीमागे चिकट पट्टी गुंडाळलेला ड्रम आठवडाभर संथ फिरत असतो. हवेत जे असेल ते पट्टीवर येऊन बसतं, ज्या वेळी आलं त्या जागी. सोमवारी ड्रम बदलतात आणि जुना खाली आणतात. मी पट्टीचे एकेका दिवसाचे तुकडे करते, काचेवर लावते, गुलाबी रंग देते आणि मायक्रोस्कोपखाली मोजते. वर डोंगरात कुठल्या दिवशी, कुठल्या वेळी काय उडत होतं, ते मला खाली खुर्चीत बसून कळतं. सगळा घोळ त्यामुळेच झाला.

आमचा सोमवार कसा असायचा ते सांगते. सकाळी निघायचं, बीच वृक्षांच्या जंगलातून चढायचं, ड्रम बदलायचा, मग खांबाजवळच्या सपाट दगडावर बसून पाव आणि पेकोरिनो चीज खायचं. दुईलियो घरात महिनाभरात जेवढं बोलतो तेवढं एका चढणीत बोलायचा. लहानपणी बापाने कसा झोडपला, लांडग्याची वीण कुठे झाली, म्हातारपणी कुठल्या खोलीत झोपायचं, सगळं. घरी आला की पुन्हा मिठाची गुळणी. मला त्याचं वाईट वाटत नसे, कारण सोमवार माझा होता. गुडघा गेल्यावर पहिला प्रश्न माझ्या मनात आला तो डॉक्टरांना विचारण्यासारखा नव्हता. आता ते बोलणं कोण ऐकणार?

जिनेव्रा ऐकणार, दुसरं कोण. जिनेव्रा दिसायला फार देखणी आहे असं नाही. मी हे अनेकदा नीट पाहून ठरवलं आहे. पण हसते छान, आणि चढून आली की गाल लाल होतात. रोज सकाळी दारातून विचारणार, "सिन्योरा नोर्मा, गुडघा कसा आहे आज?" माझी बॅग उचलणार, मला विचारल्याशिवाय खिडकी उघडणार नाही. खडूस असती तर माझं काम सोपं झालं असतं. चांगल्या माणसाचा हेवा करणं फार कष्टाचं असतं, कारण तो एकटीलाच करावा लागतो, कुणी साथ देत नाही.

सोमवारी संध्याकाळी दुईलियो शीळ घालत घरी यायचा. "पोरगी हुशार आहे," तो एकदा बूट काढता काढता म्हणाला. "पाखरांचे आवाज एकदा ऐकले की विसरत नाही." मी सूप ढवळत राहिले. मला पाखरांचे आवाज कधीच ओळखता आले नाहीत, आणि इतक्या वर्षांत त्याने मला ते शिकवायचा प्रयत्नही केला नव्हता.

मग आठ मार्च आला, महिला दिन. आमच्याकडे त्या दिवशी पुरुष बायकांना मिमोझाची डहाळी देतात. पिवळे गोंडे, चुरगाळले की मधासारखा वास. गावात चौकात टेबलं लागतात आणि सकाळी सकाळी पुरुष जबाबदारी उरकल्याच्या चेहऱ्याने रांगेत उभे राहतात. दुईलियोने लग्नानंतर एकही वर्ष चुकवलं नव्हतं. एका वर्षी त्याच्या आईच्या चुलीवरून आमचं बोलणं बंद होतं, तेव्हाही टेबलावर बशीखाली डहाळी ठेवून गेला होता.

यंदा आठ मार्च रविवारी होता. मी सकाळीच ग्लासात पाणी भरून टेबलावर ठेवलं. कॉफी पिऊन दुईलियोने टोपी घातली. सापळ्याच्या वाटेवर बीचचं एक झाड आडवं झालंय म्हणाला, बघून येतो.

"रविवारी?" मी विचारलं.

"झाडाला वार कळतो होय गं?"

जेवणाच्या वेळेला परतला तो लालबुंद, खूश आणि रिकाम्या हातांनी. मी बटाट्याचं सारण भरलेल्या तोर्तेल्ली वाढल्या. तो खाताना एकदा ग्लासाकडे बघायचा, एकदा माझ्याकडे, आणि मिशीत हसायचा. मी वाट पाहिली. बाईमाणसाने तोंडाने कसं मागायचं? जेवण झालं, तो आडवा झाला, आणि मी ते ग्लासातलं पाणी पिऊन टाकलं.

सोमवारी जिनेव्रा ड्रम घेऊन खाली आली तेव्हा तिच्या दुसऱ्या हातात मिमोझाची डहाळी होती. जरा कोमेजलेली, पण चांगली मोठी. तिने ती एका बीकरमध्ये घालून आपल्या टेबलाच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात ठेवली, फायलींच्या आड. पिवळा रंग लपत नाही.

"सुरेख आहे," मी म्हटलं. "कुणी दिली?"

तिचे गाल न चढताच लाल झाले. "अशीच... मिळाली, सिन्योरा."

 उरलेला दिवस मी पट्टी कापत होते आणि कात्री सरळ चालत नव्हती. मी स्वतःला समजावत होते की गावात शंभर पुरुष आहेत, त्यातल्या कुणीही दिली असेल. पण शंभरांपैकी रिकाम्या हाताने घरी आलेला एकच मला माहीत होता.

मंगळवारी रात्री जेवताना दुईलियोने विचारलं, "आज काय निघालं पट्टीवर?" मी डोळे वर करून पाहिलं. माझा गुडघा गेल्यापासून त्याने पट्टीचं नावही काढलं नव्हतं. हेझलच्या झाडाचा पराग, म्हटलं, आणि थोडा आल्डरचा. बुधवारी पुन्हा तेच. मग, पावाचा तुकडा मोडता मोडता, रविवार कधी मोजणार म्हणून विचारलं.

"का? रविवारी काय होतं?"

"काही नाही. आपलं असंच."

आणि मान खाली घातली. दुईलियोला खोटं बोलता येत नाही. त्याचे कान त्याला दगा देतात, तांबडे होतात. ज्याने काही केलेलं नसतं तो असं विचारत नाही, एवढं मला कळतं. रात्री तो शांत घोरत होता आणि मी छताकडे बघत ठरवत होते की रविवारची काच उद्या पहिली घ्यायची.

गुरुवारी ती घेतली. सुरुवातीला नेहमीचंच. हेझलचे तिकोनी कण, आल्डरचे, कुठे कुठे यू झाडाचे. मी टकटक मोजत गेले. मग दुपारच्या जागेवर आले आणि हात थांबला.

मिमोझाचा पराग सुटा उडत नाही. सोळा कण एकमेकांना चिकटून एक गोल उशी होते, तीच अख्खी पडते. जड असते, झाडाखालीच पडते. आणि मोन्ते कूपोवर मिमोझा नाही, असूच शकत नाही, तिथला हिवाळा त्याला जगू देत नाही. सगळ्यात जवळचं झाड खाली दरीतल्या शहरात, कुणाच्या तरी बागेत. आमच्या पट्टीवर वर्षाकाठी अशी एक उशी दिसली तर आम्ही सगळ्यांना बोलावून दाखवतो. इथे उश्यांचा जाड पट्टाच पडला होता. म्हणजे रविवारी भर दुपारी कुणीतरी मिमोझा घेऊन अगदी सापळ्याच्या तोंडाशी उभं होतं.

पुढचं मला कुणी सांगायची गरज नव्हती. ते सगळं दिसायला लागलं. आमचा दगड, त्यावर ती. तो खिशातून डहाळी काढून देतोय. ती हसतेय, डहाळी हलतेय, गोंडे झडतायत. आणि सापळा मुकाट्याने सगळं आत ओढून घेतोय, माझ्यासाठी. मला रडू आलं नाही. मला एवढा राग आला की मायक्रोस्कोपमध्ये काही दिसेना. आणि सगळ्यात जास्त कशाचा राग आला सांगू? ही पट्टी शेवटी माझ्याच डोळ्यांखाली येणार, हे दोघांच्याही डोक्यात येऊ नये. इतकी का मी खिजगणतीत नाही?

त्या उश्या मी मोजल्या नाहीत. बाकी सगळं मोजलं. 'इतर' हा रकाना कोरा ठेवला आणि काच पेटीत ठेवून दिली. रात्री दुईलियोने विचारलं, "झाला का रविवार?" मी म्हटलं, "नाही अजून." तो हिरमुसला. मी मनात म्हटलं, तुरुंगाच्या दारात उभा राहून विचारतोय, जागा आहे का.

तरीही मी कदाचित गिळून टाकलं असतं. वयाच्या या टप्प्यावर बाई बरंच गिळते. पण शुक्रवारी सकाळी जिनेव्रा माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. रविवारची काच झाली का म्हणून विचारलं. मी मान डोलावली. तिचा चेहरा उजळला. खाली वाकून, अगदी मैत्रिणीसारखी, ती म्हणाली, "मग? काही वेगळं दिसलं का, सिन्योरा?"

ते हसणं माझ्याच्याने पाहवलं नाही. मी काठी घेतली आणि सरळ संचालकांच्या खोलीत गेले.

फाब्री माणूस वाईट नाही, पण जंगलाबाहेरच्या झाडाचं नाव काढलं की त्याच्या कपाळाची शीर उडते. आतल्या जंगलात बाहेरचं रोप, बी, कापलेलं फूल, काहीही न्यायची बंदी आहे. दारावर तसा फलक आहे, मुलांच्या सहलीतल्या पिशव्यासुद्धा उघडून बघतात. मी त्याला सांगितलं की रविवारी दुपारी सापळ्यासमोर कुणीतरी मिमोझा हलवला आहे, त्या दिवसाची पट्टी बिघडली आहे.

"कुणी?" फाब्रीने विचारलं.

"मला काय माहीत. जिनेव्राच्या टेबलावर डहाळी आहे, फायलींच्या मागे."

दुईलियोचं नाव मी घेतलं नाही. मला तो घालवायचा नव्हता. मला ती जायला हवी होती, डोंगरावरून, सोमवारमधून, आमच्या गावातून.

तिला बोलावणं गेलं. दार लावून बराच वेळ बोलणं चाललं. बाहेर आली तेव्हा डोळे सुजले होते. फाब्री म्हणाला होता की कुणी नेली ते सांगणार नसेल तर शिष्यवृत्तीबद्दल विद्यापीठाला कळवावं लागेल. तिने सांगितलं नव्हतं. तिने टेबल आवरायला घेतलं, बीकरमधलं पाणी ओतलं, आणि डहाळी हातात धरून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. गोंधळून.

"सिन्योरा नोर्मा, तुम्हाला खरंच नाही कळलं?"

"मला सगळं कळलंय," मी म्हटलं.

दुईलियोला ही बातमी फाटकावर कळली असणार, कारण दुपारी तो चिखलाच्या बुटांनिशी आला आणि माझ्या दारावरून न थांबता फाब्रीच्या खोलीत शिरला. आमच्या दोन खोल्यांमध्ये फळ्यांची भिंत आहे. त्या भिंतीतून मी आजवर पगारवाढीच्या आणि बदल्यांच्या गोष्टी ऐकत आले. त्या दिवशी मी नवऱ्याला ऐकलं.

"डहाळी मी नेली," तो म्हणाला. "रविवारी, एकटाच होतो. वर अवजारांच्या पेटीत विसरलो. सोमवारी पोरीला ती दिसली, तिने नियम म्हणून खाली आणली. तिचा काही दोष नाही."

"पण कशाला नेलीस, भल्या माणसा? तुला नियम मी शिकवू?"

 मग दुईलियोचा आवाज आला, घरातला, बारीक. "बायकोला द्यायला."

"बायको तर खाली बसते तुझी."

"म्हणूनच."

 जिनेव्रा तिच्या टेबलापाशी तशीच उभी होती, तिनेही ऐकलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, एवढे उपकार केले. तरी तेवढ्यातही माझ्या मनात काय यावं? की हिला हे आधीपासून ठाऊक होतं. माझ्यासाठी आलेली गोष्ट माझ्याआधी हिला ठाऊक होती.

फाब्रीने नंतर जमेल तेवढं सावरलं, पण मी तक्रार केल्यावर ती तक्रार होती, ती परत माझ्या तोंडात जाणार नव्हती. जिनेव्राची शिष्यवृत्ती वाचली. रविवारची नोंद रद्द झाली. दुईलियोला आतल्या जंगलाच्या फेरीवरून काढून पाहुण्यांच्या तिकीटखिडकीवर बसवलं, निवृत्तीपर्यंत. तो घरी येऊन एक शब्द बोलला नाही. चिडला असता, ताट भिरकावलं असतं, तर मीही दोन शब्द सुनावले असते. तो टोपी खुंटीला अडकवून बसला आणि सूप संपवलं.

पुढच्या सोमवारी सकाळी, तिकीटखिडकी उघडायच्या आधी, तो प्रयोगशाळेत आला. हातात पाव आणि पेकोरिनो, कागदात बांधलेलं. माझ्या टेबलाच्या कडेला बसला, अर्धं मला दिलं. आम्ही खाल्लं. मग त्याने हाताला लागलेला चुरा झटकला.

"सापडली होती का तुला?"

"गुरुवारीच."

"मग बोलली का नाहीस? मी रोज विचारत होतो."

मी पेकोरिनोच्या कागदाची घडी घालू लागले.  तो म्हणाला, तुला वर येता येत नाही. चौकातली डहाळी सगळेच देतात. मला वाटलं, वरूनच पाठवावी, आपल्या दगडावरून. वरचं तुझ्यापर्यंत पोचायचा एवढाच तर रस्ता आहे. त्याने जिनेव्राला फक्त विचारलं होतं की फटीच्या किती जवळ धरावी. ती आधी नको नको म्हणाली, मग म्हणाली, एकदाच हलवा, मिमोझा आपल्या हिशेबात नाही, बाकीचे आकडे बिघडणार नाहीत. त्याने जरा जास्तच हलवली.

"आधी तिला सांगितलंस," मी म्हटलं.

मला माहीत आहे, हे बोलायची ती वेळ नव्हती. पण तेच बाहेर पडलं.

दुईलियोने माझ्याकडे पाहिलं. "अगं, विचारणार कुणाला होतो? हे तुला विचारून कसं चाललं असतं?"

 मी पेटी उघडली, रविवारची काच काढली, मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि सरकून त्याला जागा दिली. त्याने टोपी मागे केली आणि एक डोळा मिटून वाकला. इतकी वर्षं ड्रम वाहिले, पण काचेवर काय असतं ते त्याने कधी पाहिलं नव्हतं, मी दाखवलंही नव्हतं. बराच वेळ बघत राहिला.

"उशीसारखी आहे," तो म्हणाला. "किती आहेत?"

"मोजल्या नाहीत."

"तू? तू मोजल्या नाहीस?"

"नाही."

"मग मोज की आता."

मी डोळा लावला.  मोजायला लागले तेवढ्यात बाहेर फाटक वाजलं. आज सोमवार. जिनेव्रा आणि नवा वनरक्षक, कालचा पोरगा, नवा ड्रम घेऊन वर निघाले होते. दुईलियो उठून खिडकीपाशी गेला. मी एक डोळा काचेवर ठेवून दुसऱ्याने त्याच्या पाठीवर लक्ष ठेवलं, ते मला येतं. तो पोरीकडे बघत असता तर मला कळलं असतं. तो तिच्याकडे बघत नव्हता. तो वाटेकडे बघत होता, वळणाकडे, जिथून बीचचं जंगल सुरू होतं आणि तो बोलायला लागायचा.

दोघं झाडीत दिसेनासे झाले तरी तो तिथेच उभा होता. माझा आकडा चुकला. मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. दुईलियो आता सोमवारी तिच्याबरोबर वर जात नाही. खाली असतो, माझ्यापाशी, आणि काही बोलत नाही.